न सापडणारे पंक्चर

ता. ४ सप्टेंबर

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पार्सल परवा पोचले. आत मधाची बाटली एक (सांडली नाही), अण्णांचा लोकरी कोट एक, कोटाच्या खिशात सुटे बटण एक आणि तुमच्या उद्यानाचे सूचनापत्रक एक. तिकिटे बासष्टची लागली. वर्तमानपत्राच्या घड्या एवढ्या कोंबल्या नसत्यास तर पन्नासात भागले असते. घड्या नीट करून ठेवल्या आहेत, कपाटाच्या फळीला होतील. कोटाचे अस्तर मी बदलते. जुन्या चादरीचे चांगले कापड निघाले आहे.

मध सासूबाईंना रोज चमचाभर देते. त्यांचे अंथरूण आता सुटत नाही, कूससुद्धा मीच बदलते. हे सकाळी आठला छापखान्यात जातात ते दिवेलागणीला येतात. म्हणून यंदा तुझ्याकडे येणे होईल असे दिसत नाही.

आता सूचनापत्रक. भाजी निवडता निवडता दोनदा वाचले. उद्यानात सायकल चालवताना घ्यायची काळजी, असे वर ठळक. एकट्याने जाऊ नये, चौघांच्या गटाने जावे. गेटवर पत्र्याचा बिल्ला घ्यावा, दुपारी चारच्या आत परत करावा. जनावर रस्त्यात असेल तर उतरून उभे राहावे, घंटी वाजवू नये. खाण्याचे काही कॅरिअरला बांधू नये. तळ्याच्या उतारावर आधी मागचा ब्रेक लावावा, मग पुढचा. वाचून झाल्यावर मनात आले, हे मला कशाला? मी काय सासूबाईंना कॅरिअरवर घालून अस्वलांत फिरायला निघाले आहे?

मग काल अण्णांचे कार्ड आले आणि उलगडा झाला. रोज सकाळी सायकलने तळ्यापर्यंत जाऊन येतो, मागच्या कुंपणाला फट आहे, प्रकृती ठणठणीत, असे लिहितात. जाऊन येऊन बावीस किलोमीटर. वय चौऱ्याहत्तर. डावा कान बंद. मागून मोटार आली काय आणि अस्वल आले काय, त्यांना सारखेच. आई गेल्यावर दुकान विकून त्यांना तुझ्या क्वार्टरवर आणले ते डोळ्यांसमोर राहावेत म्हणून. तू दिवसभर गेटवर लोकांची नावे लिहितोस आणि आपला बाप मागच्या कुंपणाच्या फटीतून एकटा जंगलात. तू लग्न केले असतेस तर घरात कुणी लक्ष द्यायला असते, पण तो विषय नको.

सायकलला कुलूप लाव. किल्ली तुझ्या कमरेला ठेव. लावलेस की कळव.

तुझी ताई


ता. १२ सप्टेंबर

ती. ताईस नमस्कार.

कुलूप लावलं. सोमवारी सकाळी लावलं. चहाला उकळी येईपर्यंत अण्णांनी ते स्पोकच्या तुकड्याने उघडलं, आत तेल सोडलं आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, फार जाम होतं, कुणी गळ्यात मारलं तुझ्या. मग जाड साखळीचं आणलं. त्याला चहा उकळून गाळून होईपर्यंत वेळ लागला. पन्नास वर्षं सायकलचं दुकान चालवलेल्या माणसाला कुलूप दाखवणं म्हणजे माशाला पाणी दाखवणं. किल्ली अजून माझ्या कमरेला आहे, तुझ्या आज्ञेप्रमाणे.

एवढी काळजी करू नकोस. आठ वाजता गेट उघडतं तेव्हा अण्णा माझ्या खिडकीशेजारी उभे असतात. मी नाव लिहितो, बिल्ला देतो, आणि तोवर ते त्या माणसाच्या सायकलचं पुढचं चाक गुडघ्यांत धरून ब्रेक दाबून बघतात. लोकांना ते उद्यानाचेच नोकर वाटतात. परवा एका जाडजूड वकिलांना त्यांनी परत पाठवलं. म्हणाले, तुमचा मागचा ब्रेक तुमच्या वजनाला राजी नाही. वकील चिडले, पण दुसऱ्या दिवशी नवं रबर घालून आले आणि अण्णांना दाखवून मगच आत गेले. आमचे साहेब, म्हणजे इथले वनाधिकारी, हे सगळं बघतात आणि हसून सोडून देतात. यंदा उतारावर एकही माणूस पडलेला नाही. माझ्या रजिस्टरात तो रकाना कोरा आहे आणि ते श्रेय अण्णांचं.

सगळ्यांचं करून झालं की मग स्वतः जातात. बहुतेक वेळा शाळामास्तरांच्या गटाच्या मागे असतात. हरीण दिसलं तरी उतरून उभे राहतात. नियम त्यांच्याइतके कुणी पाळत नाही.

मंगळवारी परतायला थोडा उशीर झाला, बाकी सर्व ठीक.

तुझा भाऊ


ता. २१ सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

थोडा उशीर म्हणजे किती ते लिहिले नाहीस. लहानपणी तू ‘थोडे मार्क कमी पडले’ म्हणायचास तेव्हा नापास झालेला असायचास.

तुझ्या पत्राच्या मागोमाग अण्णांचे दुसरे कार्ड आले. अक्षर नेहमीसारखे, ओळी सरळ. लिहितात, तळ्याजवळ मामा भेटला, दुकानाकडेच निघाला होता, म्हणून थोडा वेळ त्याच्याबरोबर गेलो. मामाला जाऊन एकोणीस वर्षे झाली. मी कार्ड उभ्याने वाचले. सासूबाई आतून हाका मारत होत्या ते कळायला वेळ लागला.

तू माझ्यापासून काय लपवतोस ते आता विचारत नाही. मला तिथे येता येत नाही, म्हणजे विचारून तरी मी काय करणार आहे? तुमच्या गेटवरच्या फोनवर घरचे बोलायची मुभा नाही, आणि असती तरी त्यांना ऐकू येत नाही. इथे दोन खोल्या, एकीत सासूबाई. नाहीतर मी आजच त्यांना घेऊन आले असते.

पण एक सुचले आहे. मी मॅट्रिकला होते तेव्हा परीक्षेआधीचा महिनाभर माझ्या सायकलचे चाक रोज बसलेले असायचे, आठवते? मी चिडून घरी बसायची आणि बसल्याबसल्या अभ्यास व्हायचा. तो महिनाभर अण्णाच हवा सोडत होते, हे आईने मला लग्नाच्या दिवशी सांगितले. तू तेच कर. ते आंघोळीला गेले की व्हॉल्व्ह ढिला करून हवा सोड, पुन्हा घट्ट कर. पंप पुढे असला तरी ते जाणार नाहीत, हे मी पैजेवर सांगते. हवा का गेली ते सापडल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढायची नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. नुसती हवा मारून गिऱ्हाइकाला वाटेला लावणारा दुकानदार चोर, असे ते म्हणत. त्यांनाही हाताला काम राहील, आपल्यालाही घोर नाही. असत्य आहे खरे, पण बापाचा जीव राखायला केलेले असत्य देव मनावर घेणार नाही.

तुझी ताई


ता. २ ऑक्टोबर

ती. ताईस नमस्कार.

तुझी अक्कल लागू पडली. पण आधी जे लपवलं ते सांगून टाकतो, पोटात राहत नाही.

त्या मंगळवारी अण्णा संध्याकाळी सहापर्यंत आले नव्हते. ते बिल्ला घेत नाहीत, त्यामुळे रजिस्टरप्रमाणे सगळे बाहेर होते, आणि आत एक माणूस राहिलाय हे फक्त मला माहीत होतं. चार पहारेकरी घेऊन गेलो. तळ्यामागच्या गवतात सापडले, रस्त्यापासून आत, जिथे पिल्लं असलेली अस्वलीण असते म्हणून आम्ही पाटी लावलेली आहे. सायकल उलटी करून सीटवर उभी केलेली, आणि स्वतः शेजारी उकिडवे बसलेले. मला म्हणाले, आज गिऱ्हाईक नाही. दहा पावलांवर अस्वलाने उकरलेलं वारूळ होतं. माती ओली होती, ताई.

साहेब रागावले नाहीत, तेच अवघड गेलं. त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, पुन्हा झालं तर मला वर लिहावं लागेल, आणि लिहिलं की तुमचं क्वार्टर राहणार नाही. हे क्वार्टर नोकराला मिळतं, बापाला नाही, हे मला ठाऊक आहे. ते गेलं तर अण्णांना कुठे ठेवू? तुझ्याकडे जागा नाही हे तू न सांगताही कळतं. मग उरतो तो वृद्धांचा आश्रम, आणि तिथे सायकलच काय, चप्पलसुद्धा विचारून घालावी लागते.

म्हणून तू लिहिलंस तसं करतो आहे. आज सहावा दिवस. आंघोळीला गेले की हवा सोडतो. परत येतात, अंगठ्याने टायर दाबून बघतात, हूं म्हणतात, गेटवरचे ब्रेक बघून येतात आणि घमेल्यात पाणी घेऊन बसतात. ट्यूब काढायची, हवा मारायची, पाण्यात धरून बोटभर बोटभर फिरवायची. दुपारपर्यंत तेच. मग ट्यूब घालून, हवा भरून ठेवतात, सकाळपर्यंत टिकते का बघू म्हणतात. सकाळी पुन्हा मी आहेच. कुंपणापलीकडे पाऊल नाही. सहा दिवस मी रजिस्टर मिटताना माणसासारखा श्वास घेतो आहे.

तुझा भाऊ


ता. १० ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून देवापुढे बसले आणि मनसोक्त रडून घेतले. वारुळाची ओली माती डोळ्यांपुढून हलत नाही. पण जे टळले ते टळले. देवाने वेळेवर बुद्धी दिली.

सोबत एक लहान पाकीट पाठवते. पंक्चरचे पॅच दहा, सोल्यूशनची ट्यूब एक, व्हॉल्व्हचे रबर हातभर, घासकागदाचा तुकडा एक. इथल्या सायकलवाल्याने सगळे मिळून तेवीसला दिले, तेही अण्णांचे नाव सांगितल्यावर. पाकीट अण्णांच्या हातात दे, लेकीने पाठवले म्हण. त्यांना हौस वाटेल. काम संपू देऊ नकोस, म्हणजे झाले. कोटही याच पार्सलात आहे. अस्तर दुहेरी घातले आहे.

जेवण कसे चालले आहे ते लिही. कामात असले की त्यांना दोन घास जास्त लागतात.

तुझी ताई


ता. २६ ऑक्टोबर

चि. पोरीस आशीर्वाद.

तू पाठवलेले पॅच चांगले आहेत, आजकाल असं रबर मिळत नाही. परत पाठवत आहे. कोट ठेवून घेतला. सामान तुमच्या तिथे कुणा दुकानदाराला दे, वाया घालवू नकोस.

पुढचं चाक रोज सकाळी बसलेलं असतं. मला भोक सापडत नाही. घमेल्यात धरतो, बुडबुडा येत नाही. ट्यूब गालाला लावून बघितली, ओठाला लावून बघितली, वारा लागत नाही. काटा राहिला असेल म्हणून टायर आतून बोटांनी चाचपला. व्हॉल्व्हचं रबर तीनदा बदललं. रिमची पट्टी बदलली. आज तिसावा दिवस.

तू हिशेब ठेवतेस म्हणून तुला कळेल. बेरीज एकदा चुकली तर कागद बघायचा. तीस वेळा चुकली तर करणारा बघायचा. बुडबुडा येत असणार, मला दिसत नसणार. वारा लागत असणार, मला कळत नसणार.

माणसांचं माझं चुकतं, हे मला माहीत आहे. मामा भेटला लिहिलं होतं ते बरोबर नव्हतं. मामा गेला. लिहून पेटीत टाकल्यावर आठवलं. त्याचं मला एवढं नाही. म्हातारपणी डोकं जातं, सगळ्यांचं जातं. पण हात राहील असं धरून चाललो होतो. हात शहाणा होता.

गेटवर ब्रेक बघणं आजपासून बंद केलं. लोक विश्वासाने सायकल पुढे करतात. उद्या माझ्या हातून सुटलेला ब्रेक घेऊन कुणी त्या उतारावर गेला तर मी कुणाला तोंड दाखवू? तीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकांचीही आता शंका येते. काय काय तपासून दिलं असेल मी.

धाकट्याला यातलं काही कळवू नकोस. पोरगा माझ्यापायी आधीच वाळला आहे. मला सांगत नाही, पण रोज सकाळी माझ्या सायकलीजवळ वाकून काहीतरी बघत असतो. बहुतेक त्याला भोक सापडलं असेल आणि माझी लाज राखायला तो बोलत नसेल.

तुझे अण्णा


ता. २ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

अण्णांचे पत्र सोबत जोडते. तुला कळवू नकोस असे लिहिले आहे, पण ते माझ्या एकटीच्याने वाचवत नाही. पॅच मोजून दहाच्या दहा परत आले.

आपण काय करून बसलो रे? मला वाटले होते, त्यांना घरी बसवू. त्यांच्याकडे हातांखेरीज दुसरे काय उरले होते, हे मला सुचले नाही. आई गेली, दुकान गेले, माणसे ओळखू येईनात, आणि जे एक राहिले होते ते मी टपालाने सल्ला पाठवून काढून घेतले. वर त्याबद्दल देवापुढे हात जोडून आभार मानले. माझ्या मॅट्रिकच्या वेळी मी सोळा वर्षांची होते. मला वाटले, सायकल खराब आहे. स्वतः खराब आहे असे मला एकदाही वाटले नाही. हा फरक मला त्या वेळी दिसायला हवा होता.

आज निघावे असे फार आहे. पण सासूबाईंच्या पाठीला जखमा झाल्या आहेत, दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. जायला एक दिवस, यायला एक दिवस. हे दोन दिवस कुणाच्या गळ्यात घालू? ह्यांनी रजा मागितली तर कामच जाईल. मला कुणी दोरीने बांधलेले नाही, तरी जागचे हलता येत नाही.

तेव्हा तूच सांग त्यांना. आजच, हे पत्र खाली ठेवून. हवा मी सोडत होतो आणि ताईने सोडायला सांगितले होते, असे स्वच्छ सांग. सगळे माझ्यावर घाल. दोन शिव्या देतील, सायकल घेऊन निघून जातील. जाऊ देत. पुढचे पुढे बघू.

तुझी ताई


ता. १९ नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार.

उशीर झाला. चार वेळा लिहायला बसलो आणि उठलो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं. अण्णा खाटेवर बसले होते. मी खाली बसलो. पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं, कुलूप, मंगळवार, साहेब, तुझं पत्र. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, उजवा कान माझ्याकडे करून. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

म्हणाले, “तू माझं मन राखायला बोलतोस. तुझी आई तिच्या वडिलांशी शेवटी असंच बोलायची.”

मी म्हटलं, खरंच मी सोडत होतो, दाखवू का? उठून व्हॉल्व्ह ढिला केला, त्यांच्यासमोर हवा सोडली. त्यांनी बघितलं. म्हणाले, “ही आजची झाली. बाकीच्या दिवसांची कुठे गेली?”

मी म्हटलं, तीही मीच सोडली.

म्हणाले, “ज्याला बारा वर्षांचा होईपर्यंत चेन बसवता येत नव्हती, तो मला चाळीस दिवस फसवेल? एवढा मी गेलो नाही अजून.” आणि हसले. किती दिवसांनी हसले, ताई, आणि तेही चुकीच्या गोष्टीवर.

त्या दिवसापासून मी सायकलला हात लावलेला नाही. अकरा दिवस झाले, दोन्ही टायर दगडासारखे आहेत. मी रोज त्यांना दाखवतो. बघा अण्णा, हवा आहे. ते म्हणतात, तू मी उठायच्या आत भरून ठेवतोस, मला कळत नाही का? गुणाचा आहेस. हवा सोडत होतो तेव्हा संशय आला नाही, आता सोडत नाही तर भरतो आहे म्हणतात.

सायकल भिंतीला उभी आहे. का म्हणून विचारलं तर एकच उत्तर, हवा कुठून जात होती ते कळलेलं नाही, कळल्याशिवाय ती रस्त्यावर जायची नाही. साहेब खूश आहेत. क्वार्टरला आता धोका नाही. आपल्याला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

जेवण निम्म्यावर आलं आहे. दाढी मला करायला सांगतात, वस्तरा हातात धरत नाहीत. पाणी पिताना पेला दोन्ही हातांनी धरतात. हात कापत नाहीत, मी नीट बघितलं, तरी दोन्ही हातांनी धरतात. दिवसभर खिडकीशी असतात, पण गेटकडे पाठ करून.

गेल्या रविवारी एक बाई उतारावर पडल्या. मागचा ब्रेक झिजलेला होता. दोन्ही गुडघे फुटले, मनगट मोडलं, मी रजिस्टरात यंदाची पहिली नोंद केली. अण्णा असते तर त्या बाई गेटच्या आत गेल्या नसत्या. हे मी रात्रभर मनात घोळवून सकाळी त्यांना बोलून दाखवलं. वाटलं, चीड येईल, उठून गेटवर येतील. ते म्हणाले, “बरं झालं मी बघणं सोडलं होतं. नाहीतर मीच तपासून त्यांना पुढे सोडलं असतं.”

मला काही सुचत नाही. तूच काही सुचव, असं लिहिणार होतो, पण तुझ्या सुचण्याचीही आता मला भीती वाटते. राग मानू नकोस.

तुझा भाऊ


ता. २४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

राग कसला मानू? माझ्या सुचण्याची मलाही भीती वाटते. तरी लिहिते, कारण न लिहिता बसले तर ते तिकडे पेला दोन्ही हातांनी धरतात एवढेच दिसत राहते.

सांगून ते मानणार नाहीत. मी लिहिले तरी मानणार नाहीत, दोघांनी संगनमत केले म्हणतील. त्यांना माणसाचे बोलणे पटत नाही, पाण्यातले पटते. मग पाण्यातच दाखवायला हवे. भोक नव्हते म्हणून त्यांना सापडले नाही. आता भोक असू दे.

सुई घेऊ नकोस, सुईचे भोक ते बघताक्षणी ओळखतील. तुमच्या उद्यानातल्या रस्त्यावरचा काटा आण. लांब नको, टायरातून आत जाऊन ट्यूबला जेमतेम टोचेल एवढाच. पुढच्या चाकाला, शिवणीपासून दूर, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला घाल. बाहेरचे टोक मोड आणि आतला तुकडा टायरातच राहू दे, म्हणजे डोळ्यांनी हुकला तर बोटाला लागेल. ते आंघोळीला गेले असताना कर. मग घमेले भरून ठेव आणि गेटवर निघून जा. जवळ थांबू नकोस. तुझ्या तोंडावरून त्यांना कळेल, तुला खोटे कधी नीट जमले नाही. म्हणूनच तर तुझे खरे त्यांना खोटे वाटले.

आणि सापडले तर काय होईल, ते मला कळत नाही असे समजू नकोस. पॅच लावतील, पाणी पुसतील, हवा मारतील आणि निघतील. कुंपणातली ती फट तू बुजवलीस तरी दुसरी शोधतील. तेव्हा त्यांना गेटने जाऊ दे. रजिस्टरात त्यांचे नाव लिही, हातात बिल्ला दे. बिल्ला घेतलेला माणूस परत आला नाही तर निदान सगळ्यांना कळते. शाळामास्तरांना हात जोडून सांग की त्यांना मध्ये घ्या, मागे ठेवू नका. पाठीला काहीतरी लाल शिवून देते, कोटावर घालता येईल. साहेबांना आपण होऊन सांग. त्यांनी वर लिहिले तर लिहू देत. क्वार्टर गेले तर सासूबाईंच्या खोलीत पडदा लावून खाट टाकीन. कशी टाकीन ते माहीत नाही. खोलीत दाराखेरीज मोकळी जागा नाही, पण टाकीन.

अस्वलापुढे माझे काही चालत नाही. साहेबांपुढे तुझे चालत नाही. त्यांच्या डोक्यातून रोज काय निसटते त्यापुढे तर कुणाचेच नाही. आजवर मी देवाजवळ त्यांचा जीव मागत होते. जीव राहिला आणि ते खिडकीशी पाठ करून बसले आहेत. आता काय मागावे, हेच समजत नाही.

एक शंका राहून राहून येते, ती तुला सांगून टाकते. मनात ठेवून मी फुटेन. खरे भोक असून, खरा बुडबुडा आला असून, तो त्यांना दिसला नाही तर? चौऱ्याहत्तर वर्षांचे डोळे आहेत. म्हणून म्हणते, पाणी स्वच्छ घे आणि घमेले उजेडात ठेव, पूर्वेच्या ओट्यावर.

हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. शनिवारी सकाळी कर. त्या वेळी मी देवापुढे नुसती बसून राहीन, मागणार काही नाही. मोठे पत्र लिहीत बसू नकोस, सोबत कोरे कार्ड पत्ता घालून ठेवले आहे. बुडबुडा त्यांना दिसला की नाही, एवढेच उलट टपाली कळव.

तुझी ताई